धूळपाटी, मणी आणि ‘वीस एक’

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात ऐतिहासिक भाषाशास्त्र शिकवताना संख्यावाचक शब्दांचा तास हा आम्हा प्राध्यापकांचा हातखंडा तास असतो. ‘एकविंशति’चे ‘एकवीस’ कसे झाले, ‘पादोन’मधून ‘पाऊण’ आणि ‘सपाद’मधून ‘सवा’ कसा उतरला, ‘अर्धतृतीय’ झिजत झिजत ‘अडीच’पर्यंत कसा आला, हे फळ्यावर मांडले की विद्यार्थी खूश होतात आणि आम्हीही. ‘औट’ म्हणजे साडेतीन, त्याचे मूळ ‘अर्धचतुर्थ’, आणि संतवाङ्मयात देहाला ‘औट हात’ का म्हणतात, येथवर आलो की तास संपल्याची घंटा होते. हा तास आम्ही पंधरा-वीस वर्षे घेत आलो. ज्या शब्दांची आम्ही इतकी चिरफाड करतो, ते शब्द पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी प्रथम कसे येतात आणि त्या वेळी त्याच्या हातात काय असते, हा प्रश्न मात्र आम्हास त्या काळात कधी पडला नाही. तो गणिताच्या शिक्षकांचा प्रांत, असे आम्ही गृहीत धरले होते.

प्रस्तुत लेखात त्या प्रांतात थोडे शिरण्याचा विचार आहे. बालकांना आरंभीचे गणित वस्तू हाताळून कसे शिकवले गेले, याचा इतिहास सामान्यतः एका सरळ रेषेत सांगितला जातो. पूर्वी पंतोजी होता, छडी होती, घोकंपट्टी होती. मग युरोपातून फ्रोबेल आणि मॉन्टेसरी यांचे विचार आले, मुलांच्या हाती ठोकळे आणि मणी आले, आणि मूल मुक्त झाले. ही कथा खोटी नाही. पण तिच्यात पंतोजीच्या शाळेतील मुलाचा हात दिसत नाही आणि मॉन्टेसरीच्या वर्गातील मुलाची जीभ दिसत नाही. आम्हास या दोन्हींविषयी लिहायचे आहे.

जुन्या शाळेपासून आरंभ करू. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर भरणाऱ्या त्या शाळेत मुलाचे पहिले साधन म्हणजे धूळपाटी. फळीवर बारीक धूळ किंवा विटकरीचा चुरा पसरायचा आणि त्यात बोटाने वा काडीने अक्षर आणि अंक काढायचा. चुकले तर हात फिरवायचा, पाटी पुन्हा कोरी. बोटाला अंकाचे वळण आधी कळायचे, लेखणी पुढे यायची. या साध्या साधनाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. मद्रासजवळ एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस एका मलबारी शाळेत मुलांना वाळूत बोटाने लिहिताना पाहिले, आणि ती पद्धत आपल्या शाळेत आणली. १७९७ साली लंडनमध्ये त्यांनी या प्रयोगावर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि पुढील काही दशके इंग्लंडमधील गरीब मुलांच्या शाळांत वाळूचे तबक वापरात राहिले. म्हणजे हाताने शिकवण्याची कल्पना नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच आली असे नाही. मॉन्टेसरीबाईंच्या खरखरीत कागदाच्या अंकांवरून बोट फिरवणारे मूल आणि धुळीत बोट फिरवणारे मूल यांच्यात थेट वंशसंबंध सांगण्याचा मोह आम्ही टाळतो. दोघांचे बोट मात्र एकच काम करीत होते, हे खरे.

धूळपाटीनंतर उजळणी. आमच्या पिढीला उजळणी म्हणजे एक ते शंभर आकडे आणि दोन ते तीस पाढे एवढेच ठाऊक. त्यापुढील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही नावे आम्ही आजोबांच्या तोंडून ऐकली, तीही विनोद म्हणून. अपूर्णांकांचे पाढे सहा-सात वर्षांच्या मुलाकडून पाठ करून घ्यायचे, हा क्रूर उद्योग कशासाठी, असे आम्हास लहानपणी वाटे. पुढे शिक्षणशास्त्राची दोन-चार पुस्तके वाचल्यावर ते अधिकच ठामपणे वाटू लागले.

परंतु त्या पाढ्यांच्या भोवतीचे जग डोळ्यांसमोर आणले तर चित्र पालटते. रुपयाचे सोळा आणे. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. शेराचा अर्धा म्हणजे मापटे, पाव म्हणजे चिपटे. सोळा ही संख्या चार वेळा निम्मी करता येते आणि प्रत्येक वेळी हातात एक नाणे किंवा एक माप येते. पाव, अर्धा, पाऊण हे त्या मुलाला पुस्तकातले अपूर्णांक नव्हतेच; ते घरातील कोठीत, धान्याच्या राशीशेजारी, पालथे घातलेले दिसत. शेराला सवा आणा या दराने सात शेरांचे किती, असे कोणी विचारले तर सवायकीतील ‘सात सवा पावणेनऊ’ हे उत्तर आणि कनवटीचे पावणेनऊ आणे यांच्यात अंतर नव्हते. अडीचकीचे तर फारच सुंदर. चाळीस शेरांचा मण धरला आणि सोळा आण्यांचा रुपया, तर मणाला जितके रुपये तितकेच आणे अडीच शेरांना पडतात. चाळीसला सोळाने भागून पाहावे. ज्या मुलाला हे उमगले, त्याला बाजारात कोणी सहज फसवू शकत नसे.

लेखनातही ही हाताची खूण उतरलेली होती. मराठी हिशेबात पाव दाखवायला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन; म्हणजे ‘१।’ सव्वा, ‘१॥’ दीड आणि ‘१॥।’ पावणेदोन. काड्या मांडाव्यात तशा या रेघा. अंशाखाली आडवी रेघ ओढून छेद लिहिण्याची जी रीत आज चौथी-पाचवीतील मुलांना घाम फोडते, तिच्यापेक्षा ही रीत डोळ्यांना कितीतरी सोपी होती. अर्थात ती चौथ्या हिश्शांपुरतीच चाले, आणि तिसरा किंवा पाचवा हिस्सा आला की तिचे बळ संपे, हेही सांगितले पाहिजे.

मापे आणि नाणी यांच्यापासून गणिताचा आरंभ करण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ जुनी. भास्कराचार्यांची लीलावती ११५० च्या सुमाराची. तिच्या आरंभीच्या परिभाषेत वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म अशी मोजणी येते. ग्रंथ पंडितांचा आणि भाषा संस्कृत, तरी पहिली वस्तू कवडी आहे. आमच्या विद्यार्थ्यांना या घराण्याची ओळख वेगळ्या वाटेने असते. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख जुन्या मराठीचा नमुना म्हणून अभ्यासक्रमात असतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठाचा तो लेख. त्याचा मराठी भाग आम्ही शब्दरूपांसाठी वाचतो; तो एका गणिताच्या शाळेच्या खर्चाची तरतूद आहे, हे वर्गात सांगायचे बहुधा राहून जाते.

मग त्या उजळणीत घोकंपट्टी नव्हतीच काय? होती, आणि छडीही होती. शिवाय त्या ओसरीवर कोण बसे, हा प्रश्न टाळून चालणार नाही. हिशेब हे काही जातींच्या मुलग्यांचे वतन होते. मुली तेथे नव्हत्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले नव्हती, आणि ज्यांच्या धान्याचे माप होई त्या कुणब्यांची मुलेही क्वचितच असत. माप एकाच्या हातात, पाढा दुसऱ्याच्या तोंडात आणि कर्ज तिसऱ्याच्या डोक्यावर, अशी ती वाटणी. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांचा आग्रह धरला. खतावर अंगठा उमटवणाऱ्या माणसाला खतात काय लिहिले आहे हे वाचता यावे, ही त्यामागची निकड होती. गणित सोपे करावे की कठीण, यापेक्षा ते कोणाच्या हाती द्यावे, हा वाद फुल्यांच्या दृष्टीने आधीचा होता.

एकोणिसाव्या शतकात १८२० च्या दशकापासून कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने मराठीत गणिताची छापील पुस्तके आली, सरकारी शाळा आल्या, धूळपाटीची जागा दगडी पाटीने घेतली. उजळणी मात्र टिकली. कारण आणे आणि शेर टिकले होते. तिच्यावर खरा घाव पडला १ एप्रिल १९५७ रोजी. त्या दिवशी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि पुढील पाच-सहा वर्षांत शेर-मण जाऊन किलोग्रॅम आला. दशमान पद्धती सर्वथा योग्यच होती, याविषयी आम्हास शंका नाही. पण त्या बदलात एक गोष्ट कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. पावकी-निमकीला हात देणाऱ्या वस्तू बाजारातून नाहीशा झाल्या आणि काही वर्षे पाढे तसेच उरले. चिपटे न पाहिलेल्या मुलाने पावकी म्हणायची, म्हणजे शुद्ध घोकंपट्टी. आमच्या आधीच्या पिढीने ज्या उजळणीचा तिरस्कार केला, ती बहुधा ही, वस्तू गमावलेली उजळणी असावी, असा आमचा तर्क आहे. पुढे ती अभ्यासक्रमातून गेली आणि तिच्याबद्दल कोणाला फार वाईट वाटले नाही.

आता दुसरा प्रवाह. जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे बालशाळा सुरू केली. पुढे तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव मिळाले. मुलांना द्यायच्या खेळण्यांच्या क्रमवार संचांना त्यांनी ‘देणग्या’ म्हटले. तिसरी देणगी म्हणजे एक लाकडी घन. तो उघडला की आठ लहान घन निघतात. चार आणि चार, दोन-दोन-दोन-दोन, पुन्हा जोडला की एक. निम्मे आणि निम्म्याचे निम्मे, हा आपल्या पावली-अधेलीचाच खेळ, फक्त येथे देवघेव नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांचे गणिताचे साहित्य अधिक काटेकोर होते. दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत चढत जाणाऱ्या, लाल-निळ्या पट्ट्यांच्या दहा काठ्या. एक सुटा मणी, दहा मण्यांची कांडी, शंभरांचा चौरस आणि हजारांचा घन. मूल हजाराचा घन दोन हातांनी उचलते तेव्हा हजार किती जड असतात हे त्याच्या दंडांना कळते.

आम्हास सर्वांत आवडते ती चात्यांची पेटी. तिला शून्य ते नऊ असे अंक घातलेले दहा कप्पे आणि सोबत पंचेचाळीस चात्या. ज्या कप्प्यावर जो अंक, तितक्या चात्या त्यात ठेवायच्या. शेवटची चाती नवाच्या कप्प्यात पडली की हात रिकामे होतात, आणि शून्याचा कप्पा रिकामाच राहतो. शून्य म्हणजे काय, हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. त्या कप्प्यात ठेवण्यासारखे काही नाही, एवढे त्याला दिसते. ज्या देशात शून्यावर अभिमानाची भाषणे होतात, तेथे किती मुलांना शून्य असे भेटते, याचा विचार करावा.

भारतात हे साहित्य बाई स्वतः येण्याच्या बऱ्याच आधी पोचले होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्या दशकात तेथे गेल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मॉन्टेसरीबाई मद्रासला आल्या त्या १९३९ साली, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून. पुढल्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या; त्यांचे पुत्र मारिओ यांना तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत काही काळ स्थानबद्ध राहावे लागले. महाराष्ट्राशी मॉन्टेसरी घराण्याचा आलेला एक संबंध असा आहे. असो.

ताराबाईंनी १९३० च्या दशकात दादरला शिशुविहार चालवला. तेथे मध्यमवर्गीय मुले होती आणि साहित्य विकत घेण्याची ऐपत होती. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि लवकरच वैधव्य आले. शिक्षण त्यांनी जिद्दीने पुढे नेले. बोर्डीत त्या दोघींपुढे जी मुले होती, त्यांच्यासाठी वारनीश केलेल्या इटालियन काठ्या निरुपयोगी होत्या. त्या मिळणे परवडत नव्हते, आणि मिळाल्या असत्या तरी त्यांत त्या मुलांच्या ओळखीचे काही नव्हते. मग समुद्रकाठचे शंख-शिंपले, चिंचोके, खडे, बिया, पाने आणि काड्या हेच साहित्य झाले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. आधी आंघोळ, नखे, केस, मग गाणे आणि मोजणी. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला. १९५० च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळा थेट कुरणात भरू लागली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हणू लागले. अनुताईंच्या आत्मचरित्राचे नावच ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ असे आहे.

या ठिकाणी जरा थांबावेसे वाटते. बोर्डीचे केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, त्याच पट्ट्यात, डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत वारल्यांचा लढा पेटलेला होता. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे तो मराठी वाचकाला परिचित आहे. वेठ बंद व्हावी आणि पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत, या त्यांतील ठळक मागण्या. गवताचे वजन जमीनदार आणि व्यापारी यांच्या माणसांनी करायचे, हिशेब त्यांनी लिहायचा, आणि पिढ्यान्‌पिढ्या न फिटणारे कर्ज वारल्याच्या माथी राहायचे. शिक्षणाचे काम आणि लाल बावट्याचा लढा या स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांची मोट बांधण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या मुलापुढे अंगणात चिंचोके मांडले जात होते, त्याच्या बापाचे गवत त्याच मोसमात कोणीतरी तोलत होते. ही गोष्ट ध्यानात घेतली की चिंचोक्यांच्या त्या मोजणीला केवळ ‘आनंददायी शिक्षण’ म्हणणे आम्हास अपुरे वाटते. फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे मागितले होते, ते येथे त्रेसष्ट वर्षांनी, खड्यांपासून, पुन्हा सुरू होत होते.

या साऱ्या हाताच्या इतिहासात जीभ कोठे आहे? ती अडखळते ती येथे. मॉन्टेसरीच्या मण्यांनी एकवीस मांडायचे तर मूल आधी दहाच्या दोन कांड्या ठेवते आणि मग शेजारी एक सुटा मणी. अंक लिहितानाही आधी दोन, मग एक. तोंडाने मात्र आधी ‘एक’ म्हणायचे आणि मग ‘वीस’. हात एका दिशेने जातो आणि शब्द उलट. ही केवळ मराठीची खोड नव्हे. संस्कृतपासून आलेल्या बहुतेक भाषांत ती आहे, आणि फ्रोबेल यांच्या जर्मनमध्येही एकवीसला ‘एक आणि वीस’ असेच म्हणतात. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये मात्र ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस-एक. सीमाभागातील एखादे मूल घरात एका क्रमाने आणि शाळेत दुसऱ्या क्रमाने मोजत असेल, हे आमच्या भाषाशास्त्राच्या तासात कधी आले नाही.

त्यात मराठीच्या शतकातील प्रत्येक नावाला झिजेचा स्वतंत्र इतिहास. पन्नास, पण बावन्न. त्यापुढे पुन्हा त्रेपन्न, आणि सत्तावन्न. सत्तर, पण बाहत्तर आणि त्र्याहत्तर. आम्हा भाषाभ्यासकांना ही वन्न-पन्नची गंमत फार प्रिय. मुलाला मात्र शंभर नावे जवळजवळ सुटी सुटी पाठ करावी लागतात.

२०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात या अडचणीवर उपाय म्हणून ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यानामे आली. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. जुनी नावे रद्द केलेली नव्हती. दोन्ही रीतींना मुभा होती. तरीही मोठे काहूर उठले. विधिमंडळात चर्चा झाली, वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, ‘पन्नास दोन पत्ते’ आणि ‘साठ तीनचा आकडा’ असल्या विनोदांना भरती आली. भाषा बुडाली, असे म्हणणाऱ्यांत साहित्यिक पुष्कळ होते. आम्हीही होतो. ते विनोद आम्ही पुढे पाठवले आणि स्टाफरूममध्ये मनसोक्त हसलो. मूल मोजते तेव्हा त्याच्या हातात काय असते, हा प्रश्न त्या गदारोळात आम्ही विचारला नाही. नारळीकरबाई २०२३ च्या जुलैत गेल्या. त्यांच्या म्हणण्यातील अडचण समजून घ्यायला आम्हास त्यांच्या हयातीत सवड होती, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

नॉर्वेत हा प्रश्न याआधी येऊन गेला आहे. तेथेही ‘एक-आणि-वीस’ अशी रीत होती. दूरध्वनीवर आकडे सांगताना घोटाळे होतात या कारणावरून तेथील संसदेने निर्णय घेतला आणि १९५१ पासून शाळांत व सरकारी व्यवहारात ‘वीस-एक’ हा क्रम आला. जुनी रीत त्यामुळे मेली नाही. ती बोलण्यात पुढे अनेक दशके राहिली, आणि आजही दोन्ही ऐकू येतात. नॉर्वेची भाषा बुडाल्याचे वृत्त नाही.

आमची समजूत मात्र नॉर्वेमुळे बदलली नाही; ती घरात बदलली. २०२० साली शाळा बंद असताना आमच्यापैकी एकाच्या सहा वर्षांच्या मुलीला घरीच शिकवण्याची वेळ आली. ‘एकवीस लिही’ म्हटले की ती १२ लिही. ‘बारा’ म्हटले की तेही १२. बापाला ‘एकविंशति’पासूनची सारी परंपरा मुखोद्गत; पण मुलीची चूक त्याला समजेना. दोनदा आवाज चढला, एकदा पाटी आपटली गेली. ती ऐकू येते तसे लिहीत होती. आधी एक, मग वीसमधला दोन. तिची चूक भाषेच्या दृष्टीने अगदी शिस्तीची होती, आणि ती ओळखायला भाषेचाच माणूस हवा होता. तो समोर बसून रागावत होता.

शेवटी तिची आजी खराटा घेऊन आली. त्याचे हीर मोडून तिने सारख्या लांबीच्या काड्या केल्या आणि दहा-दहांच्या जुड्या दोऱ्याने बांधल्या. ‘ही जुडी, ही जुडी, आणि ही एक काडी. वीस नि एक, एकवीस. आता लिही, जुड्या किती?’ मुलीने दोन लिहिले. ‘सुट्या किती?’ तिने एक लिहिला. वर्षभरापूर्वी ज्या ‘वीस एक’ला आम्ही हसलो होतो, ते त्या सातवी शिकलेल्या बाईने कोणतेही पुस्तक न पाहता म्हटले, आणि ‘एकवीस’ही सोडले नाही. दुसऱ्या दिवशी एकोणीस आले. आजीने दोन जुड्या पुढे ठेवल्या. मुलगी थोडा वेळ पाहत राहिली, मग तिने दुसऱ्या जुडीचा दोरा सोडला, एक काडी ओढून काढली आणि फ्रॉकच्या खिशात ठेवली. ‘एक ऊन वीस’ ही व्युत्पत्ती आम्ही शेकडो विद्यार्थ्यांना सांगितली आहे. ती कोणी हाताने करताना आम्ही प्रथमच पाहिली. एकोणतीस, एकोणचाळीस तिला नंतर शिकवावे लागले नाहीत. ती तिसऱ्या, चौथ्या जुडीतून काडी काढीत गेली.

तेव्हापासून जुनी संख्यानामे सोडावीत की ठेवावीत, हा वाद आम्हास निराळा दिसतो. ‘एकवीस’ हे नाव हाताच्या क्रमाशी भांडते, म्हणून तेथे ‘वीस एक’ची पायरी आम्हास उपयुक्त वाटते. ‘एकोणीस’ मात्र हाताने काय करायचे ते स्वतःच सांगते. त्याच्या जागी ‘दहा नऊ’ ठेवले तर एक सुंदर कृती हरवेल. एकेका शब्दाचा असा विचार करायला मराठीचा आणि गणिताचा शिक्षक एका टेबलाशी बसावे लागतील. आमच्या महाविद्यालयात त्या दोघांचे विभाग वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत.

गेल्या दोन वर्षांपासून आम्ही संख्यावाचकांच्या तासाला हिरांच्या जुड्या घेऊन जातो. पहिल्या दिवशी वर्ग हसतो. मग कोणीतरी एकोणसाठ मांडून दाखवते आणि प्रश्न सुरू होतात. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले की एकोणनव्वदपर्यंत मराठी एक वजा करीत येते, मग नव्व्याण्णवला ‘एकोणशंभर’ का नाही? संस्कृतात ‘एकोनशत’ आहे आणि ‘नवनवति’ही आहे, मराठीने येथे दुसरे घेतले. हिंदी तर एकोणनव्वदच्या जागीच ‘नवासी’ म्हणून मोकळी होते. तेथे ‘नवाशीति’ टिकले. मराठी वजाबाकी एक टप्पा अधिक करते आणि शंभराच्या दाराशी येऊन थांबते. का थांबते, हे त्या मुलीने आपल्या प्रकल्पासाठी घेतले आहे. जुड्या ती घरी घेऊन गेली आहे.